लाईट आल्यावर

शहापूर-मुरबाड पट्ट्यात लाईट जाण्यापेक्षा ती येण्याचीच धास्ती जास्त. शेतपंपाच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की ती सुटते आणि पंप बंद पडतो. वीज परत आली तरी कुणी जाऊन हिरवं बटण दाबेपर्यंत तो बंदच. रात्री बांध तुडवत कोण जाणार, म्हणून लोक ऑटो स्विच लावतात. मग लाईट येताच सगळे पंप एकदम उचल घेतात आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळतो. ऑटो स्विच काढा, असं महावितरण सांगत असतं ते त्यासाठीच.

मी शहापुरात घरी बसून लिनक्स कर्नलचे ड्रायव्हर लिहितो. तपासायला येणाऱ्या कोडमध्ये हा ऑटो स्विच हमखास सापडतो. अख्ख्या बोर्डाची वीज गेली तर प्रश्नच नसतो, सगळं पहिल्यापासून बूट होतं. घोळ होतो सस्पेंडमध्ये. रॅमला वीज असते, कर्नलला सगळं आठवत असतं, पण एखाद्या चिपची वीज तोडलेली असते आणि तिची रजिस्टरं डीफॉल्टवर गेलेली असतात. नवखा माणूस झोपवण्याआधी सगळी रजिस्टरं वाचून ठेवतो आणि उठवल्यावर जशीच्या तशी लिहून मोकळा होतो. पण रजिस्टर म्हणजे मेमरी नव्हे. काही स्टेटस बिटांवर 1 लिहिला की आलेला इंटरप्ट पुसला जातो. डीएमएचा स्टार्ट बिट पुन्हा लिहिला तर चिप जुन्याच पत्त्यावर डेटा ओतू लागते, आणि तो बफर एव्हाना दुसऱ्या कुणाला दिलेला असतो!

काय लिहायचं तसा कोणत्या क्रमाने लिहायचं, हाही प्रश्न असतो. ते भान पाहायचं तर कर्नलमधला पीसीआयचा कोड वाचावा. कॉन्फिगरेशनचे पहिले 64 बाइट, म्हणजे 32 बिटांचे 16 शब्द, तो शेवटाकडून उलटे लिहीत येतो. कमांड रजिस्टर सुरुवातीला आहे. त्यामुळे डिव्हाइसचे पत्ते आधी बसतात, मगच त्याला उत्तरं द्यायची परवानगी मिळते.

2011 साली रजिस्टरांची नोंद ठेवून ती परत लिहिणारं मार्क ब्राऊन यांचं रेगमॅप कर्नलमध्ये आलं आणि बरीचशी हमाली वाचली. पण चिप स्वतःहून बदलते ती रजिस्टरं कोणती, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच सांगावं लागतं. ती यादी डेटाशीट वाचून करायची, शेजारच्या ड्रायव्हरमधून उचलायची नाही.

टेबलावर यातलं काही दिसत नाही. डीबगर जोडलेला असला की बऱ्याच चिपांची वीज खरी तुटतच नाही. रजिस्टरं शाबूत राहतात आणि रिस्टोरचा कोड नसला तरी सगळं चालतं. म्हणून सस्पेंडच्या शेवटी मी चिपला मुद्दाम रीसेट मारतो. उठल्यावर, समजा, ऑडिओ चिपचा आवाज गेलेला असला की डेटाशीट उघडतो.