खेळणे आणि नाचणे

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी चालताना आपला तोल जातो आहे, अशी जाणीव मला होऊ लागली. घरातल्या घरात उंबरठा ओलांडताना पाऊल चार बोटे अलीकडेच पडे. सांगलीतील एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला एका पायावर उभे राहायला सांगितले, सेकंद मोजले, मान डावी-उजवीकडे वळवून पाहिली आणि म्हणाल्या, "मॅडम, नुसते व्यायाम सांगितले तर तुम्ही पंधरा दिवस कराल आणि सोडून द्याल. त्यापेक्षा नाचत जा."

मी हसले. पण रिक्षातून घरी येताना लक्षात आले, की आपल्याला राग आला आहे. तीस-बत्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला कोणी 'नाचत जा' म्हणावे, यात काहीतरी उणेपणा आहे, असे मनाने मला न विचारताच ठरवून टाकले होते. हा राग कोठून आला, त्याचा शोध घेणे मला आवश्यक वाटले.

भाषेच्या शिक्षकाचा शोध शब्दांपासून सुरू होतो. आमच्या सातारा-सांगलीकडे लेझीम कोणी नाचत नाही, लेझीम खेळतात. धनगर गजी खेळतात. बायका झिम्मा खेळतात, फुगडी खेळतात. वारकरी पावली खेळतात. ताल आहे, पदन्यास आहे, रिंगण आहे, गिरकी आहे. पण क्रियापद 'खेळणे'. मग 'नाचणे' कोणासाठी राखून ठेवले? मुरळी नाचते. तमाशातली बाई नाचते. तिच्यासोबतचा पुरुष 'नाच्या' होतो. वाक्प्रचारांतही तीच तऱ्हा: कोणाच्या तालावर नाचणे म्हणजे लाचारी, डोक्यावर घेऊन नाचणे म्हणजे अविवेक, आणि स्वतःचे उणे झाकणाऱ्याला अंगण वाकडे. संतांनी कीर्तनातल्या नाचण्याला नाचणेच म्हटले होते, त्यांना त्याचा संकोच नव्हता. आम्ही मात्र प्रतिष्ठितांच्या नृत्याला खेळ म्हटले आणि पोटासाठी केलेल्या नृत्याला नाच. माझा राग या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीतून आला होता.

माझे बालपण वाईत गेले. शाळेत लेझीम होते. लाकडी दांडा, लोखंडी साखळी, तीत ओवलेल्या चकत्या. हा शब्द फारसीतून आला, आणि मुळात ते सरावाचे धनुष्य. तालमीतून ते शाळेच्या पटांगणावर आले तेव्हा हुकूमही सोबत घेऊन आले: होशियार, चार आवाज, एक जागा, आगे फलांग, पीछे फलांग, मोरचाल. 'चार आवाज' हा पहिला धडा. कमरेतून वाकताना दोन, उठताना दोन. साखळी उघडते आणि मिटते, आणि शंभर मुलींच्या चकत्या एकदम वाजल्या की तो आवाज पोटात जाणवतो. तेव्हा मुलींना छाती पुढे काढून चालण्याची, उडी मारण्याची, घाम गाळण्याची मोकळीक एवढ्या एकाच ठिकाणी होती. हलगी वाजू लागली की मी माझी उरत नसे. पण याला घरी 'व्यायाम' म्हणत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले, तेव्हापासून आमच्या भागात शरीर हलवण्याला हा एक सन्मान्य परवाना मिळाला होता.

परवाना नसलेली गोष्ट मी एकदाच केली. रंगपंचमीला बावधनचे बगाड असते. तेथून परतताना एका कनातीच्या फटीतून क्षणभर एक मनगट दिसले. नुसते मनगट. ते वर गेले, बोटे उलगडली, पदराचे टोक हनुवटीपाशी आले आणि तिथेच थांबले. त्या थांबण्यात काय होते ते मला कळले नाही, पण घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी आईचा पदर तसा धरून पाहिला. आईने मला आयुष्यात एकदाच मारले, ते त्या दिवशी. मारून झाल्यावर तीच रडली. ती म्हणाली, "हे आपल्यात नसतं." लेझीम खेळताना मिळालेल्या कपबशीचे तिला कौतुक होते, ती फडताळात दर्शनी ठेवलेली असे.

ज्यांच्यात ते असते, त्या यमुनाबाई वाईकर आमच्याच गावात राहत होत्या. कोल्हाटी समाजात १९१५ साली जन्मलेल्या या कलावतीला १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मी शाळेत होते. त्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालू होते, आणि त्याचा आम्हां सर्वांना अभिमान होता. यमुनाबाईंचा उल्लेख आमच्या घरात झाल्याचे मला आठवत नाही. त्यांची बैठकीची लावणी मी ध्वनिचित्रफितीवर पाहिली ती फार उशिरा, केस पांढरे झाल्यावर. बैठकीच्या लावणीत पायांना काम नसते. बाई बसलेली असते. नृत्य मानेत, भुवईत, मनगटात, पदराच्या टोकात असते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते, आणि दर वेळी अदा निराळी: एकदा विनवणी, एकदा रुसवा, एकदा तीच ओळ स्वतःशीच हसत. कनातीच्या फटीतले ते थांबलेले मनगट मला त्या चित्रफितीत परत भेटले.

गजी मी प्रथम पाहिली ती नोकरीला लागल्यावर. कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बनात चैत्रात बिरोबाची यात्रा भरते. धनगरी ओव्या टिपून घेण्यासाठी विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेले होते. पायघोळ पांढरे अंगरखे, डोक्याला फेटे, हातांत रंगीत रुमाल. ढोल आणि झांज यांच्या साथीने पुरुषांचे रिंगण फिरत होते. सुरुवात अगदी संथ: एक पाऊल पुढे, जागेवर ठेका, एक पाऊल मागे, रुमालाचा झटका. मग ढोल चढतो, गिरकी येते, गुडघे वाकतात, बसून उठणे येते, आणि तरी रिंगणातले अंतर ढळत नाही. एका म्हाताऱ्या धनगराला मी विचारले, "बाबा, किती वर्षं नाचता?" त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "नाचत न्हाई बाई. खेळतो, देवाम्होरं." खेळ संपल्यावर त्याने झाडाला टेकवून ठेवलेली काठी घेतली आणि तो लंगडत निघून गेला. रिंगणात तो लंगडत नव्हता. त्या दिवशी मी ओव्या उतरवून घेतल्या. ही गोष्ट उतरवून घ्यावी असे मला वाटले नाही.

वर्गातही मी असेच काहीतरी गाळत होते. २००५ साली लावणी शिकवत होते. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे आमच्या जिल्ह्याचे. त्यांचा जन्म १८६६ साली वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष येथला. ब्राह्मण कुळातील हा कवी तमाशाच्या फडात गेला, पवळाबरोबर उभा राहिला आणि त्यापायी जातीबाहेर पडला, हे सारे मी रंगवून सांगत असे. म. वा. धोंडांच्या 'मऱ्हाटी लावणी'चा हवाला देत असे. वृत्त, यमक, शृंगार, भाषेचा ठसका, सगळे व्यवस्थित. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी माझ्यापाशी आली. ती फार बोलत नसे. म्हणाली, "मॅडम, तुम्ही धृपद एकदाच वाचता."

"मग?"

"ते एकदाच नसतं. दर वेळी अदा वेगळी असते. म्हणून तर ते परत परत येतं."

मी विचारले, "तुला कसे माहीत?"

तिने दाराकडे पाहिले आणि म्हणाली, "माझी मावशी संगीत बारीत आहे. वर्गात सांगू नका."

मी सांगितले नाही. सत्र परीक्षेत तिने लिहिले, की लावणीत धृपदाची पुनरावृत्ती नादमाधुर्यासाठी होते. ते माझेच वाक्य होते, माझ्या टिपणांतले. मी त्याला गुण दिले.

त्याच वर्षी राज्यात डान्सबारबंदीचा कायदा झाला. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. त्यांच्याविषयी जिल्ह्यात जिव्हाळा होता, आणि आमच्या प्राध्यापक-कक्षात या निर्णयाचे स्वागत झाले. मीही केले. तरुण मुले पैसा उधळतात, घरे मोडतात, हे म्हणणे खोटे नव्हते. परंतु त्या कायद्यात एक बारीक रेषा होती. परमिट रूम आणि बिअर बारमधील नाच बंद. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र मोकळीक. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली तो निर्णय कायम केला. राज्याने २०१६ साली नवा कायदा केला. त्यातल्याही अनेक जाचक अटी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात टिकल्या नाहीत. निकालांच्या बातम्या वाचताना मला ती रेषा ओळखीची वाटू लागली. एकाच शरीराची एकच हालचाल एका छताखाली संस्कृती आणि दुसऱ्या छताखाली गुन्हा. आईने स्वयंपाकघरात तीच रेषा ओढली होती. कायदा मुंबईत झाला असेल, पण त्याचे व्याकरण आमच्या घरातले होते.

२६ जानेवारी २०१४ रोजी सांगली शिक्षण संस्थेच्या पुढाकाराने सांगलीत ७,३३८ जणांनी एकाच वेळी लेझीम खेळले आणि सर्वांत मोठे लेझीम म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद झाली. मला त्याचा अभिमान वाटला. चार आवाजाची ती जुनी थरथर पोटात पुन्हा उठली. त्या मुलींचा आनंद खरा होता, यात शंका नाही. फक्त मागच्या बाकावरच्या त्या मुलीची आठवण आली. तिच्या मावशीच्या पायांत जी विद्या होती, ती मोजायला कोणीच आले नव्हते.

आता फिजिओथेरपिस्ट बाईंच्या सल्ल्याविषयी. तो गमतीचा नव्हता, हे नंतर वाचनातून कळले. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ व्यक्तींच्या विरंगुळ्यांची नोंद ठेवून त्यांच्यापैकी कोणाला पुढे स्मृतिभ्रंश होतो, हे त्यात पाहिले होते. वाचन, सोंगट्यांचे वा पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांचा संबंध कमी धोक्याशी दिसला. शारीरिक प्रकारांत तसा संबंध दिसला तो एकट्या नृत्याचा. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरे. कदाचित ज्यांची बुद्धी शाबूत तेच अधिक नाचत असतील. पण विचार केला तर आश्चर्य वाटू नये. नाचताना पुढचे पाऊल आठवावे लागते, ताल ऐकावा लागतो, शेजाऱ्याचे अंतर सांभाळावे लागते, आणि हे सर्व तोल न सोडता. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००१पासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू झाले. पुण्यात ऋषिकेश पवार यांनी तसे वर्ग चालवले. अडखळणारे पाऊल बाहेरून ताल मिळाला की पुष्कळदा सावरते. आरेवाडीच्या त्या म्हाताऱ्याची काठी मला तेव्हा पुन्हा आठवली.

माझ्यासाठी त्यांनी आखून दिलेल्या हालचाली साध्या आहेत. खुर्चीची पाठ धरून एक पाऊल पुढे, जागेवर ठेका, एक पाऊल मागे. ही गजीची सुरुवातच आहे. मग नजर भिंतीवरच्या एका ठिपक्यावर रोखून मान डावीकडे, उजवीकडे. तोल बिघडलेल्यांना हा व्यायाम देतात, असे त्यांनी सांगितले. करताना लक्षात आले, की नजर समोरच्यावर खिळलेली आणि मान मात्र रुसून वळलेली, ही तर बैठकीच्या लावणीतली अदा. साठ वर्षांपूर्वी जिच्यासाठी मार खाल्ला, ती आता औषध म्हणून लिहून मिळाली आहे. दाराला कडी लावून मी ती करते. कडी लावते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाऊल आता बऱ्याच वेळा उंबरठ्यापलीकडे पडते.

तब्येतीचा फायदा आहेच. पण मला वाटते, नृत्याचा खरा लाभ आपण कोणाकोणाला नाकारला, हे पाहिल्याशिवाय त्याचे गुण गाणे अपुरे आहे. ज्यांच्या शरीरांनी ही विद्या जपली, त्यांना आपण लाज दिली आणि विद्येला टोपणनावे देऊन स्वतः वापरली. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, त्या गेल्या. त्या मुलीचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. तिने मला लावणी शिकवली होती आणि मी तिला चूक उत्तरासाठी गुण दिले होते.

लावणी शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. धृपद एकदाच वाचू नका. बाकावर ठेका धरायला लावा, आणि ओळ तीनदा, तीन निराळ्या भावांनी म्हणवून घ्या. वर्गात मागच्या बाकावर कोणाला ते अधिक माहीत असेल, तर तिने दाराकडे न पाहता सांगावे, इतका मोकळेपणा आपल्या वर्गात आहे का, हेही एकदा तपासून पाहा. माझ्या वर्गात तो नव्हता.