हिरोशिमाहून मामांना

हिरोशिमा

ती. मामांस,


निघताना तुम्ही म्हणालात, "बेचिराख झालेला देश वीस वर्षांत उभा राहतो आणि आपल्याला एक रस्ता धड करता येत नाही. शिस्त त्यांच्या रक्तातच आहे, ती बघून ये." बघते आहे. पण हे रक्तातलं प्रकरण मला पटेनासं झालंय, म्हणून लिहायला बसले.

६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला शहराच्या पश्चिम भागात ट्राम पुन्हा सुरू झाली. इथे येणारा प्रत्येकजण हे ऐकून थक्क होतो, मीही झाले. पण त्या गाड्यांवर कोण होतं? पुरुष लढाईवर गेले म्हणून ट्राम कंपनीने १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली होती. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी अर्धा वेळ शिकायच्या, अर्धा वेळ तिकिटं फाडायच्या, गाड्या चालवायच्या. बॉम्बने त्यातल्या कित्येकींना नेलं. वाचल्या त्यांतल्या काही लगेच कामावर उभ्या राहिल्या. मग लढाई संपली, पुरुष परतणार म्हणून शाळा बंद झाली आणि पोरींची रवानगी घरी. पुढे कितीतरी वर्षं त्यांची कोणाला आठवणही नव्हती. या जिद्दीला नुसतं 'जपानी शिस्त' म्हणून मोकळं व्हायला माझं मन धजत नाही. त्या काळच्या ६५१ आणि ६५२ क्रमांकाच्या ट्राम अजून वापरात आहेत. काल त्यातली एक समोरून गेली.

रस्त्याचं म्हणाल, तर शांती उद्यानालगतचा रस्ता शंभर मीटर रुंद आहे. तो स्वभावातून उगवला नाही. १९४९ मध्ये संसदेने या शहरासाठी खास कायदा केला, त्यावर इथल्या लोकांचं मतदान घेतलं आणि सरकारी जमीन शहराला मिळण्याची वाट मोकळी झाली. तरीही नदीकाठी मोतोमाची भागात बेघरांच्या झोपड्या वर्षानुवर्षं होत्या. त्यांच्या जागी उंच इमारती बांधून पुऱ्या व्हायला १९७८ उजाडलं. 'वीस वर्षांत' म्हणताना ही माणसं हिशेबातून गळतात, मामा.

देशभराचंही तसंच. अमेरिकी अंमलाखाली कूळकायदा इतका कडक झाला, की लढाईपूर्वी निम्म्याच्या आसपास असलेली, कुळांनी खंडाने कसायची जमीन चार-पाच वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास आली. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि अमेरिकी लष्कराच्या मागण्यांनी कारखाने धडधडू लागले. बुडायला आलेली टोयोटा लष्करी ट्रकांवर तगली. ज्या कोरियाला जपानने पस्तीस वर्षं गुलामीत ठेवलं, त्याच्याच होरपळीवर ही भरभराट सुरू झाली, हे मला सहन होत नाही. बॉम्बमध्ये मेलेल्या कोरियनांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं तेही उद्यानाच्या हद्दीबाहेर. आत यायला त्याला १९९९ साल लागलं.

एवढं असूनही मला इथल्या लोकांबद्दल आदर वाटतो. कायदे आणि पैसा मिळूनही पुष्कळ देश जागच्या जागी राहिले. इथे माणसं राबली, आणि आपल्या राबण्याचं चीज होईल असा त्यांना भरवसा वाटावा, अशी व्यवस्थाही कोणीतरी केली. आपल्याकडे राबणारे कमी नाहीत. कमतरता आहे ती त्या भरवशाची.

राबणाऱ्यांवरून आजोबा आठवले. ते राबले त्या गोव्यातल्या डिचोलीच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज बार्जमधून मांडवीने मुरगावला आणि तिथून बोटीने जपानला जायचं, हे तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचात. पन्नाशीच्या दशकात जपान गोव्याच्या खनिजाचं मोठं गिऱ्हाईक होतं. म्हणजे इथल्या पोलादात आपल्या डोंगरांची माती आणि आजोबांसारख्यांची मजुरीही असणार. त्यांची हजेरीची वही आजीने जपून ठेवली होती, ती माळ्यावरच्या पेटीत आहे का बघाल? किती पगार मिळायचा, कामाचे तास किती, सुट्टी केव्हा, काय सापडेल ते मला कळवा. आजवर मी ते कधी विचारलं नाही. आता विचारल्यावाचून राहवत नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची