काटा चाळीसवर

रन-इनमध्ये, म्हणजे नवं इंजिन बसण्याच्या काळात, गाडी चाळीसच्या वर काढायची नाही, हा सल्ला आमच्या धंद्यात इतका मुरला आहे की शिकायला येणारी मुलं हल्ली मलाच विचारतात, चाळीसच का, पन्नास का नाही. याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण मुळात काटाच चुकीचा धरला आहे. गाडी रस्त्यावर किती वेगानं चालली आहे हे स्पीडोमीटर सांगतो. आत सिलेंडरमध्ये रिंग भिंतीवर किती जोरानं दाबली जाते आहे, हे सांगणारा काटा कुठल्याच गाडीला नसतो, आणि नव्या इंजिनाचं पुढचं आयुष्य बरंचसं त्या दाबावर ठरतं. नव्या इंजिनाला बेताचा भार लागतो, असं माझं ठाम मत आहे. टॉप गिअरमध्ये तीस-पस्तीसला रेंगाळत, हलक्या हातानं हजार किलोमीटर काढणारा माणूस गाडी जपतो आहे असं दिसतं, पण ज्या कामासाठी हा काळ असतो ते काम तो होऊच देत नाही.

वरच्या रिंगेला तिचा स्वतःचा ताण असतो, पण तो तुटपुंजा. खरा दाब येतो जळणाऱ्या वायूचा. मिश्रण पेटलं की वायू पिस्टनच्या डोक्याला खाली ढकलतो, तसाच तो रिंगेवरच्या फटीतून खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला भिंतीकडे रेटतो. थ्रॉटल जेमतेम उघडा असेल तर मिश्रणच कमी आत येतं, दाब कमी होतो, आणि रिंग तेलाच्या पापुद्र्यावरून नुसती सरकत राहते. होनिंग करताना ब्लॉकच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा पाडतात, त्या कशासाठी? जात्याच्या तळीला टाकी लावतात त्यासाठीच. गुळगुळीत तळीवर दळण निघत नाही. रेघांचे कंगोरे रिंगेच्या तोंडाला घासतात, दोन्ही बाजू थोड्या थोड्या झिजतात, कंगोरे बसके होतात आणि मधल्या खाचा तेल धरायला उरतात. पुरेसा दाब मिळाला नाही तर ही झीज अर्धवट राहते. मग न बसलेल्या रिंगेच्या बाजूनं तापलेला वायू खाली निसटतो, भिंतीवरचं तेल भाजतो, आणि ते तेल वार्निशसारखं त्याच खाचांमध्ये बसतं. यालाच आम्ही ग्लेझ म्हणतो. एकदा ग्लेझ चढला की नंतर कितीही भार दिला तरी उपयोग नाही, कारण घासणारे कंगोरे लेपाखाली गेलेले असतात. ब्लॉक उतरवायचा, पुन्हा होन करायचा, नव्या रिंगा टाकायच्या, याशिवाय मार्ग राहत नाही.

हे केवळ मोटरसायकलवाल्यांचं म्हणणं नाही. एअर-कूल्ड पिस्टन इंजिनाच्या रन-इनचा सर्वांत काटेकोर विचार लहान विमानांच्या जगात झाला आहे, कारण तिथं तेल खाणारं इंजिन म्हणजे आकाशातला धोका. लायकमिंग ही अमेरिकी कंपनी आपल्या इंजिनांसाठी सांगते की पहिले 50 तास, किंवा तेलाचा खप स्थिर होईपर्यंत, इंजिन 65 ते 75 टक्के ताकदीवर चालवा. कमी ताकदीवर रेंगाळत ठेवाल तर रिंगा भिंतीवर पुरेशा दाबल्या जाणार नाहीत आणि सिलेंडर ग्लेझ होतील. या काळात साधं मिनरल तेल वापरा, असंही तिचं सांगणं आहे. मोटरसायकलचं इंजिन आकारानं लहान, फिरायला कितीतरी वेगवान, हे मान्य. पण लोखंडी वा नायट्राइड केलेल्या पोलादी भिंतीला रिंग कशी बसते, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, आणि ज्यांना चुकून चालत नाही त्यांनी भाराच्या बाजूनं कौल दिला आहे.

यावर आक्षेप येतो की कंपनीनं इंजिन बनवलं, तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कळतंच. पण कंपनीचं पुस्तक नीट वाचलं तर त्यात रेंगाळायला सांगितलेलं नसतं. होंडाच्या पुस्तकांत पहिल्या 500 किलोमीटरसाठी पूर्ण थ्रॉटल आणि झपाट्यानं वेग घेणं टाळा, करकचून ब्रेक मारू नका, एवढंच असतं. एकाच वेगानं फार वेळ चालवू नका, असंही बऱ्याच पुस्तकांत छापलेलं असतं, आणि नेमकं तेच वाक्य कुणी वाचत नाही. शिवाय पुस्तक फक्त रिंगांसाठी लिहिलेलं नसतं. ब्रेकची पॅडं डिस्कवर बसायची असतात, नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा जायचा असतो, गिअरचे दात एकमेकांना ओळखायचे असतात, आणि गाडीवर बसलेला मुलगा कदाचित आयुष्यातली पहिली गाडी चालवत असतो. या सगळ्यांसाठी मिळून एक आकडा छापायचा तर तो लहानच छापावा लागतो. तो आकडा रिंगांचा आहे असं समजणं ही आपली चूक; कंपनीला दोष देण्याचं त्यात काही नाही.

दुसरा आक्षेप जुन्या लोकांचा, आणि त्यात दम आहे. ज्यांनी येझदी आणि राजदूत चालवल्या, लोखंडी ब्लॉकची बुलेट चालवली, त्यांची भीती खोटी नव्हती. अॅल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी ब्लॉकपेक्षा साधारण दुपटीनं फुगतो. बोअर नुकता केलेला, गॅप नेमका, वर उन्हाळा. लांब चढावर पिस्टन जाम होऊन मागचं चाक धरायला वेळ लागत नसे, आणि टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण चुकलं की खेळ आटोपलाच. पण त्या भीतीतून निघालेला नियम चुकीच्या जागी जाऊन बसला. पिस्टन जाम होतो तो साचलेल्या उष्णतेनं. भार थोडा वेळ देऊन काढून घेतला तर उष्णता साचत नाही. म्हणजे सांभाळायचा तो भाराचा कालावधी. भारच टाळण्याची गरज नव्हती. आणि गंमत अशी की टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर कुथत चढ चढणारी बुलेट, वेग चाळीसच्या आत असूनही, पिस्टनवर अवघड ताण घेते आणि फिन्सना वाराही कमी मिळतो. काटा नियम पाळत असतो आणि आत इंजिन भाजत असतं.

माझं मन ज्या गाठीपाशी पुन्हा पुन्हा जातं ती हीच. जो भार रिंग दाबतो तोच उष्णता वाढवतो. बेताचा म्हणजे किती, हे आकड्यात धरायला गेलं की निसटतं. आरपीएमचा आकडा द्यावा, तर जुन्या बुलेटचा स्ट्रोक 90 मिलिमीटर, चाकणला बनलेल्या जुन्या 390 ड्यूकचा 60. बुलेटमध्ये 4000 आरपीएमला पिस्टनचा जो सरासरी वेग असतो, सेकंदाला 12 मीटर, तो ड्यूकमध्ये 6000 आरपीएमला येतो. थ्रॉटलचा आकडा द्यावा, तर सपाट रस्त्यावरचा अर्धा थ्रॉटल आणि खंबाटकीच्या चढावरचा अर्धा थ्रॉटल एक नव्हेत. म्हणून मी आकडा न देता रीत सांगतो. इंजिन नीट गरम होऊ द्यायचं. मग मधल्या गिअरमध्ये अर्ध्याच्या आसपास थ्रॉटल देऊन काही सेकंद गाडी ओढायची, नंतर थ्रॉटल पूर्ण सोडून गिअरमध्येच वेग उतरू द्यायचा. ओढताना रिंग भिंतीला भिडते. सोडताना सिलेंडरमध्ये पोकळी तयार होऊन थोडं तेल वर खेचलं जातं, घासलेला भाग थंड होतो, धातूचा चुरा धुतला जातो. छोटा घाट यासाठी उत्तम, कारण चढ-उतार हे काम आपोआप करून घेतात. शहरातल्या सिग्नलांमध्ये अडकलेली नवी गाडी मात्र तापत राहते आणि तिला भार काही मिळत नाही; नव्या इंजिनाचे याहून वाईट हाल होत नाहीत.

याच्या उलट टोकाला आता एक पंथ निघाला आहे, पहिल्याच दिवसापासून गाडी पिळा म्हणणारा. त्यांचं अर्धं तत्त्व माझंच आहे, म्हणून त्यांच्यावर माझा राग जास्त. दाब हवा हे त्यांना कळलं, उष्णता कळली नाही. कंगोरे ताजे असताना प्रत्येक टोकाला घासण्याची उष्णता तयार होते. तिला निवायला वेळ दिला नाही तर कंगोरा झिजण्याऐवजी क्षणभर रिंगेला चिकटून उपटला जातो, आणि ब्लॉकमध्ये उभे ओरखडे पडतात. स्टँडवर उभ्या थंड गाडीला नुसती रेस देणारे तर दोन्हीकडून चुकतात, तिथं आवाज मोठा आणि भार शून्य. पिळून चालवलेल्या अमुक गाडीचा पिकअप बघा, हा त्यांचा पुरावा. पण दोन ब्लॉक कधी सारखे होन झालेले नसतात, दोन गाड्यांचा वापर सारखा नसतो. चांगलं होनिंग वाईट रन-इन पुष्कळ झाकतं.

आणि होनिंगचं म्हणाल तर त्याची कळा गेली आहे. गिऱ्हाइकाला आतून आरशासारखा चमकणारा ब्लॉक आवडतो म्हणून काही बोअरिंगवाले शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवून देतात. चमकला की काम स्वच्छ झालं असं सगळ्यांना वाटतं. त्या ब्लॉकमध्ये रिंग बसणार कशावर? ब्लॉक घ्यायचा, खिडकीच्या उजेडाकडे धरून तिरका करायचा; रेघा दोन्ही दिशांनी सारख्या, वरपासून खालपर्यंत दिसल्या पाहिजेत, आणि नख आडवं फिरवलं तर किंचित खरखर लागली पाहिजे. चाललेलं इंजिन उघडल्यावर वरच्या रिंगेचं तोंड बघावं. ते किंचित फुगीर असतं. बसलेल्या रिंगेवर मधोमध एक बारीक उजळ रेघ पूर्ण गोलाई फिरून आलेली असते. न बसलेल्या रिंगेवर ती तुटते. मध्येच काळपट पट्टा येतो, आणि त्याच्याच समोर ब्लॉकवर पिवळट चमक दिसते. हे दिसतं ते इंजिन उघडल्यावर. चालू असताना काही कळत नाही, हे या कामाचं खरं दुखणं. आवाजावरून रिंगा बसल्या की नाही ते सांगतो, हा तोरा आम्हा जुन्या फिटरांमध्ये असतो. माझ्यातही आहे, आणि गिऱ्हाईक मान डोलावतं तेव्हा तो सुखावतोही. पण कानाला टॅपेट कळतात, टायमिंग चेन कळते, पिस्टनची ठोक कळते. रिंग कळत नाही. ती कॉम्प्रेशन गेजनं आणि डिपस्टिकनं कळते, आणि तोवर संधी गेलेली असते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत बळकट: आता याची गरजच उरली नाही. बऱ्याच नव्या गाड्यांच्या ब्लॉकला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा थर असतो. निकासिल नावाचं हे तंत्र जर्मनीच्या माले कंपनीनं 1967 साली वान्केल इंजिनासाठी काढलं. कारखान्यात प्लॅटो होनिंग करून कंगोऱ्यांचे शेंडे आधीच उडवलेले असतात, त्यामुळे रिंगेला घासायला थोडंच उरतं आणि ती फार लवकर बसते. हे सगळं खरं. अशा गाडीला हजार किलोमीटर जपत बसण्यात अर्थ नाही, हेही खरं. पण त्यातून निघतं ते एवढंच की जी संधी पूर्वी काही शे किलोमीटर टिकायची ती आता पहिल्या काही दिवसांतच संपते. 2020 च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आल्यावर सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं महत्त्व आणखी वाढलं. रिंगेवरून वर चढून जळणारं तेल तोही खराब करतं, आणि तो स्वस्त नाही. थर दिलेला ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकता येत नाही, ब्लॉक-पिस्टनचं किटच बदलावं लागतं. म्हणजे काळजीची मुदत घटली, पण ती न घेण्याची किंमत वाढली.

तेलाबाबत माझा आग्रह साधा आहे. कंपनीनं भरलेलं तेल पहिल्या सर्व्हिसपर्यंत राहू द्यावं, पण ती सर्व्हिस लांबवू नये. ते तेल उन्हात बोटांवर पसरून बघितलं की चंदेरी चुरा दिसतो, आणि तो गिअर, क्लच, बेअरिंग सगळ्यांमधून फिरत असतो. कामाला आलेल्या, बोअर केलेल्या इंजिनात मी सुरुवातीला मिनरल तेलच घालतो, जेएएसओ एमए लिहिलेलं, म्हणजे क्लच घसरत नाही. आणि हजार-दीड हजार किलोमीटरनंतर गाडी धूर मारत परत आली तर लगेच रन-इनला दोष देत नाही. थंड गाडी चालू करताना किंवा उतारावरून आल्यावर पुन्हा रेस देताना धूर येत असेल तर आधी व्हॉल्व्हचे गाइड आणि सील बघतो. भार देताना धूर येत असेल आणि ब्रीदरच्या नळीतून वाफा जोरात येत असतील, तरच ब्लॉक उतरवायला घेतो.