इंग्रजीचा हरवलेला ‘तू’

इंग्रजीत आईला ‘यू’, मांजराला ‘यू’ आणि दंड मागणाऱ्या पोलिसालाही ‘यू’. म्हणून आपण त्या भाषेला कोरडी म्हणून मोकळे होतो. पण 1611 सालचं किंग जेम्स बायबल उघडलं की पानोपानी तिचा हरवलेला ‘तू’ भेटतो: ‘दाउ’.

मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हा शब्द खास देवासाठी राखलेला असणार, आपल्या ‘आपण’सारखा. कानाला तो तसाच भारदस्त लागतो. प्रकार नेमका उलटा निघाला. ‘दाउ’ म्हणजे अरेतुरेतला ‘तू’. भाषांच्या कुळात तर आपल्या ‘तू’चा दूरचा भाऊच. 1603 मध्ये वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोकनं भर कोर्टात त्याला ‘दाउ’ म्हणून हिणवलं होतं. भांडण तापल्यावर ‘अहो’चं ‘अरे’ होतं, तसंच.

मग देवाला ‘दाउ’ का? हिब्रू आणि ग्रीक बायबलात समोरच्याला उद्देशून आदरार्थी बहुवचन नाही. समोर एक असेल तर एकवचन, मग तो देव असो, फारो असो की सैतान. रोजच्या बोलण्यातून ‘दाउ’ तेव्हाच मागे पडू लागला होता. अनुवादकांनी तो मूळ भाषांच्या इमानापोटी धरून ठेवला. ‘दाउ’ म्हणजे तू, ‘दी’ म्हणजे तुला. ‘यी’ म्हणजे तुम्ही, ‘यू’ म्हणजे तुम्हाला. विठोबाला अरेतुरे करणाऱ्यांना हे काय शिकवायचं!

याची खरी गोडी लूकच्या शुभवर्तमानातल्या बाविसाव्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाची रात्र. येशू शिमोन पेत्राला सांगतो, की सैतानानं गव्हासारखं चाळायला मागून घेतलंय. कुणाला? इथे ‘यू’ आहे: तुम्हा सगळ्यांना. लगेच पुढे, मी प्रार्थना केलीय, ती मात्र ‘दी’साठी. तुझ्यासाठी, एकट्यासाठी. सगळ्यांवरून फिरलेली नजर एका माणसावर येऊन थांबते, आणि ते थांबणं एका सर्वनामात मावतं. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’च, त्यामुळे काही नव्या अनुवादांना पहिल्या ठिकाणी ‘सगळ्यांना’ असा शब्द वरून जोडावा लागतो.

ज्याला ‘तुझ्यासाठी’ म्हटलं, त्या पेत्रानं त्याच रात्री, कोंबडा आरवायच्या आत, येशूला तीनदा नाकारलं.