मुंबई बंदरातून चीनकडे

शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं जयसिंगपूर म्हणजे मुळात व्यापारी पेठ. अशा गावात चीनच्या युद्धांचा विषय निघाला, की जुन्या माणसांना पहिल्यांदा आठवतात ते तिथं जाऊन जखमींवर उपचार करणारे डॉ. कोटणीस. शेजारच्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतःच त्यात कोटणीस झाले. आपल्या आठवणीतला चीन तिथून सुरू होतो. खरं तर हिशेब त्याआधी शंभर वर्षांचा आहे.

माळव्यातली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची. अनेक पेढ्या त्यावर गबर झाल्या. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्यानं वीस हजारांहून जास्त पेट्या जप्त केल्या. हूमेनच्या किनाऱ्यावर खड्डे खणून, पाणी, मीठ आणि चुना घालून ती अफू विरघळवली आणि समुद्रात सोडून दिली. इंग्रजांनी त्यावर युद्ध पुकारलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला, चीनला हाँगकाँग सोडावं लागलं. तहावर सह्या झाल्या त्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ती मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली होती! हे आपल्या मुलांना शाळेत सांगायलाच हवं.

पुढे ताइपिंगचं बंड झालं, १९०० मध्ये बॉक्सरांचा उठाव झाला; दोन्हींत चीनची माती रक्तानं भिजली. मग जपान चालून आला.

सप्टेंबर १९३८ मध्ये त्याच मुंबईहून काँग्रेसचं पाच डॉक्टरांचं पथक चीनच्या मदतीला बोटीनं निघालं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेबरोबर डोंगरात राहिले, चिनी शिकले, कॅनडाचे डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. शस्त्रक्रियेवरचं पुस्तक लिहिणं चालू असतानाच फेफऱ्यानं गाठलं. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, तेव्हा मुलगा चार महिन्यांचाही नव्हता.

पथकात आणखी एक मराठी माणूस होता, नागपूरचे डॉ. चोळकर. उतारवयात त्यांनी तो प्रवास पत्करला आणि काम करून ते परत आले. त्यांच्याबद्दल मराठीत फारच थोडं लिहिलं गेलं, आणि ही उणीव आता कुणीतरी भरून काढायला हवी.