टाइल्सच्या आधी खालची जमीन बघा

आज रानातलं नाही, घरातलं सांगतो. पण विषय पूर्वमशागतीचाच आहे.

सोयाबीनचे पैसे आले आणि चार खोल्यांत टाइल्स बसवायचं ठरलं. पुतणीचं लग्न सव्वा महिन्यावर. खाली जुनी शहाबादी फरशी. मिस्त्री म्हणाला, "दादा, उखडायचं कशाला? वरच्यावर टाकून देतो, आठ दिवसांत मोकळे." घरातले सगळे खूश. मी म्हटलं, दोन दिवस थांबा.

पहिलं, हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकली. खणखणीत वाजली ती घट्ट. बद्द आवाज आला तिथं खाली पोकळ, तिथं खडूने खूण.

दुसरं, ओल. पारदर्शक प्लॅस्टिकचा दोन फुटी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस-रात्र ठेवला. स्वयंपाकघरात सकाळी प्लॅस्टिकच्या आतून थेंब धरलेले. मोरीचा पाइप खालून गळत होता.

तिसरं, माजघरातली भेग. आपलं घर काळ्या जमिनीवर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात भेगेजवळ पेन्सिलने खूण करून रुंदी लिहिली होती, 4 मिलिमीटर. सप्टेंबरात भरली 1. म्हणजे भेग अजून हलतेय. तिच्यावर टाइल बसवली तर तीही त्याच रेषेत तडकणार.

चौथं, उंची. जुन्या फरशीवर माल आणि टाइल मिळून दीड-दोन इंच जमीन वर येते. दारं घासतात, खोली-खोलीत पायरी तयार होते. आई सत्तरीची, रात्री अंधारात उठते. तिला ठेच लागली तर टाइल्सचं कौतुक काय करायचं?

म्हणून चार खोल्यांचे पैसे दोनच खोल्यांत घातले. स्वयंपाकघरात आधी पाइप बदलला. फरशी काढली, ओली माती उपसली, मुरूम थराथराने टाकून पाणी मारून धुमसला. वर जाड प्लॅस्टिक, त्यावर तीन इंच कोबा, उतार मोरीकडे. सात दिवस पाणी, मग वाळू दिला. बाहेरच्या खोलीतली फरशी घट्ट होती. ती तेलकटपणा जाईपर्यंत घासली, टाचे मारले आणि ॲडहेसिव्हने टाइल लावली. त्याचा थर पातळ, उंची अर्ध्या-पाऊण इंचावर भागली. भिंतीकडेला थोडी फट सोडली, ती स्कर्टिंगखाली झाकते.

एक ध्यानात ठेवा. सिमेंटच्या मालात बसवायची सिरॅमिक टाइल आधी पाण्यात भिजवतात, ॲडहेसिव्हवर कोरडीच लावतात.

वहिनी नाराज झाल्या. पाहुणे माजघरातच बसतात आणि तिथं जुनीच फरशी. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण लग्न दोन दिवसांचं, जमीन रोजची. माजघराचं काम पायाकडचं पाणी बाहेर काढल्यावर, भेग हलायची थांबली तरच.

तुमच्याकडंही पुढच्या वर्षी काम काढायचं असेल तर भेगेवर आजच खूण करा, तारीख टाका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. मगच मिस्त्रीला बोलवा.