जमिनीखालून येणारा पावसाळा

पुण्यात ‘गॅरेज’ म्हटले की मोटार दुरुस्त करणाऱ्याचे दुकान डोळ्यांपुढे येते आणि घरालगत मोटार उभी करण्याच्या जागेस ‘पोर्च’ किंवा सरळ ‘पार्किंग’ म्हटले जाते. हा भेद केवळ शब्दांचा नाही, कारण थंड देशांतील चारही बाजूंनी बंद खोलीसाठी रूढ झालेले इपॉक्सीचे जमीनलेपन येथे दोन-तीन बाजूंनी उघड्या, पावसाची झड आणि पश्चिमेचे उतरते ऊन दोन्ही आत घेणाऱ्या जागेत वापरले जाते. हिंजवडीत या लेपनाची हौस विशेष असण्याचे कारण उघड आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील इमारतींच्या वाहनतळांत आणि दुसऱ्या टप्प्यातील बायोटेक पार्कच्या प्रयोगशाळांत सांधे नसलेली, आरशासारखी जमीन ज्याला दररोज दिसते, त्याला आपल्या रो-हाऊसच्या पोर्चमधील करडा, झाडावे तितकी धूळ सोडणारा कोबा खटकू लागतो. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत हेच घडले आणि माण गावाच्या बाजूस असलेल्या घराच्या सुमारे ३०० चौरस फुटांच्या पोर्चवर हे काम दोनदा करावे लागले: एकदा जुलैमध्ये, आणि ते सगळे खरवडून काढल्यानंतर पुन्हा मार्चमध्ये.

इपॉक्सी हा रूढ अर्थाने रंग नव्हे. ऑइलपेंट त्यातील द्रावक उडून गेल्यावर आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वाळतो, तर इपॉक्सीत राळेसारखे मूळ द्रव्य आणि त्यात ऐनवेळी मिसळला जाणारा ‘हार्डनर’ यांची आपसांत अभिक्रिया होऊन रेणूंची त्रिमितीय जाळी विणली जाते, आणि ही जाळी पुन्हा वितळवता येत नाही. घरोघरी ठाऊक असलेले दोन नळ्यांचे अ‍ॅरल्डाइट याच कुळातले. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली या रसायनशास्त्रज्ञांनी १९३० आणि १९४०च्या दशकांत परस्परांपासून स्वतंत्रपणे या द्रव्याचा पाया घातला. हार्डनर बहुधा अमाइन वर्गातील, म्हणजे नत्रयुक्त संयुगांपैकी, असतो, आणि पुढील सर्व कथा या अमाइनच्या स्वभावाभोवती फिरते. मिश्रण जितका वेळ वापरण्याजोगे राहते त्यास ‘पॉट लाइफ’ म्हणतात. तापमान दर १० अंश सेल्सिअसने चढले की हा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो, त्यामुळे ज्या डब्यावर २० अंशांसाठी ४० मिनिटे छापलेली असतात त्यातील माल ३५ अंशांच्या दुपारी पाव तासातच आखडू लागतो. मिसळलेला माल बादलीत तसाच राहिला तर अभिक्रियेची उष्णता त्या गोळ्यात कोंडते, ती अभिक्रियेला आणखी वेग देते आणि अखेरीस बादलीतून धूर निघतो, हेही या पोर्चमध्ये एकदा पाहायला मिळाले. अनुभवी कारागीर म्हणूनच मिसळलेला माल क्षणभरही बादलीत न ठेवता लगेच जमिनीवर ओततात.

पहिल्या वेळी काम पावसाळ्यात का केले, या प्रश्नाचे उत्तर लज्जास्पदरीत्या साधे आहे: पावसाळ्यात ठेकेदार रिकामे असतात आणि दर कमी सांगतात. “साहेब, वर स्लॅब आहे, पाऊस लागत नाही, मग कशाला थांबायचं?” या ठेकेदाराच्या युक्तिवादात घराच्या मालकाला त्या वेळी काहीच खोट दिसली नाही. पाऊस खरोखरच लागला नाही. लागली ती हवा. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, आणि लेपनाचा जगभर पाळला जाणारा नियम असा की जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे. जुलैच्या संततधारेत हवा २५ अंशांची आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २३ अंशांच्या थोडा वर येतो. सावलीतील काँक्रीट २४ अंशांचे असले की उरते एका अंशाहून कमी अंतर, आणि डोळ्यांना कोरडा भासणारा कोबा प्रत्यक्षात दव धरण्याच्या उंबरठ्यावर असतो. अशा हवेत अमाइन इपॉक्सीशी जुळण्याऐवजी हवेतील कर्बवायू आणि बाष्प यांच्याशी जुळते आणि पृष्ठभागावर मेणचट, पांढुरकी साय धरते. कारागिरांनी ती दुसऱ्या दिवशी पाहिली, “पांढरं आलंय, पुसलं की जातंय” असे म्हणत थिनरच्या फडक्याने पुसली आणि त्यावर दुसरा हात दिला. वस्तुतः ही साय कोमट पाण्याने धुवावी लागते. थिनरने ती बऱ्याच अंशी नुसती पसरते आणि दुसरा हात पहिल्यावर न बसता त्या सायीवर बसतो. गणपतींच्या सुमारास वरचा थर नखाने सोलता येत होता, जशी उकडलेल्या बटाट्याची साल निघते तशी.

हा दोष तरी पृष्ठभागावरचा होता. खरा दोष त्याच्या खालून वर येत होता, आणि तो ओळखायला नवरात्र उजाडले. मागील भिंतीलगत, जिथे बागेची माती कोब्याला टेकलेली आहे, तिथे लेपनावर आधी मुगाएवढे आणि मग रुपयाच्या नाण्याएवढे फोड आले. एक फोड सुईने टोचल्यावर त्यातून पिवळसर, किंचित चिकट द्रव दाबाने उडाला, आणि लिटमस कागदाने तो अल्कधर्मी असल्याचे दाखवले. याचे स्पष्टीकरण परासरणाच्या क्रियेत, म्हणजे अर्धपार्य पडद्यातून पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी जाण्याच्या प्रवृत्तीत, शोधले जाते: काँक्रीटमधील क्षार आणि अर्धवट विणलेल्या इपॉक्सीतील सुटे रेणू लेपनाच्या पोटाशी साठतात, खालचे पाणी त्यांच्याकडे ओढले जाते आणि वरचा थर उचलला जातो. याचा अर्थ असा की पोर्चवर वरून पडणारा पाऊस अडवणारे उपाय या आजारावर निरुपयोगी आहेत.

हे पाणी कुठून येते याचे उत्तर हिंजवडीच्या जमिनीत आहे. मुळशी तालुका हा भाताचा तालुका, आणि हिंजवडी-माण परिसरातील अनेक वसाहती शेतांवर, ओढ्यांच्या काठांवर आणि क्वचित ओढे बुजवूनही उभ्या राहिल्या. खाली दख्खनच्या बेसॉल्टचा कातळ, त्यावर मुरूम आणि जागोजागी काळी चिकण माती, जी पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात भेगाळते. कातळ पाणी सहज झिरपू देत नाही, म्हणून पावसाळ्यात ते मुरमातच मुरून राहते. २०२५च्या पावसाळ्यात आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले तेव्हा या परिसरात पाण्याला वाट उरली नसल्याचे साऱ्या राज्याने पाहिले, पण रस्त्यावर दिसते त्याशिवायही पाणी कोब्यांखाली न दिसता साठते. काँक्रीट हा बारीक नलिकांचा पदार्थ असल्याने ते पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, वर येते. आजीच्या काळातील सारवलेली जमीन आणि सांध्यांतून श्वास घेणारी शहाबादी फरशी हे बाष्प हवेत सोडून देत असत. इपॉक्सीचा अखंड थर हा त्यावर ठेवलेले झाकण ठरतो. कोबा टाकण्यापूर्वी मुरमावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला असता तर हा प्रवाह पुष्कळसा अडला असता, परंतु पोर्चच्या कोब्याखाली असा कागद टाकण्याची चाल इकडच्या घरबांधणीत फारशी दिसत नाही, आणि या घरातही तो नव्हता.

दिवाळीनंतर सगळे लेपन खरवडून काढण्यात आले. त्यानंतर सुमारे दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचे तुकडे चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून कोब्यावर लावले गेले. १६ तासांनी किंवा त्याहून अधिक वेळाने काढल्यावर खाली थेंब दिसले अथवा काँक्रीट काळवंडले तर जमीन ओली समजावी, ही चाचणी कोणालाही करता येण्यासारखी असून तिला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीपलीकडे खर्च नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस मागच्या भिंतीजवळचा तुकडा घामेजलेला निघाला, जानेवारीत किंचित आणि फेब्रुवारीच्या शेवटी कोरडा. डिसेंबर-जानेवारीत घाई करण्यात वेगळा धोका होता, कारण पुण्याच्या थंडीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली येतो, अनेक हार्डनर त्या तापमानाला जवळजवळ झोपी जातात आणि पहाटेचे दव ओल्या थरावर बसते. एप्रिलमध्ये वळवाची सर केव्हाही येते. उरतो तो मार्च: दुपारी ३२ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू जेमतेम १२ अंशांवर येतो आणि जमीन त्याच्या कितीतरी वर असते. काम चैत्र पौर्णिमेच्या आत, म्हणजे ग्रामदैवत म्हातोबाच्या जत्रेत बगाड निघण्यापूर्वी आणि पाहुण्यांच्या मोटारी दारात येण्यापूर्वी, उरकायचे असे ठरले.

या वेळी सर्वांत जास्त वेळ जमिनीच्या तयारीत गेला. पहिल्या ठेकेदाराने कोबा अ‍ॅसिडने धुतला होता. त्यामुळे काँक्रीटच्या पोटात आणखी पाणी गेले आणि वर क्षार राहिले. दुसऱ्या खेपेस हिऱ्याची चाके असलेल्या ग्राइंडिंग यंत्राने वरची कमकुवत सिमेंटची साय काढून टाकली गेली, इतकी की हाताला बारीक सँडपेपरसारखा खरखरीतपणा लागावा, आणि दोन दिवस घरभर पीठ सांडल्यासारखी धूळ होती. भिंतीच्या मागील बाजूस बागेत खडी भरलेला चर खणून गच्चीच्या पन्हाळीचे पाणी रस्त्याकडील गटारात वळवण्यात आले. लेपनाच्या एकूण खर्चात हा भाग लहान होता, तरी महत्त्वाने बहुधा पहिला होता. मग ओलसर काँक्रीटलाही धरून राहणारा घट्ट बाष्परोधक प्रायमर दोन हातांत, त्यावर क्वार्ट्झ वाळू मिसळलेला सुमारे दोन मिलिमीटरचा इपॉक्सीचा थर आणि सर्वांत वर पॉलियुरेथेनचा पातळ हात. वेळेबाबतही एक बारकावा उलटा निघाला. सकाळी काम सुरू करणे सोयीचे वाटते, परंतु सकाळी तापत जाणाऱ्या काँक्रीटमधील हवा प्रसरण पावून वर येते आणि ओल्या थरात टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते; म्हणून प्रायमर तिसऱ्या प्रहरी, जमीन निवू लागताना, दिला गेला, आणि मुख्य थरातील उरलेले बुडबुडे काटेरी रोलरने फोडले गेले.

वरचा पॉलियुरेथेनचा हात शोभेसाठी नव्हता. इपॉक्सीच्या रेणूतील बेंझिनची कडी अतिनील किरणे शोषते, आणि पश्चिमेकडे उघड्या पोर्चमध्ये साधा इपॉक्सी काही महिन्यांतच पिवळा पडून खडूसारखा भुरभुरतो. ‘अ‍ॅलिफॅटिक’ म्हणजे अशी कडी नसलेले पॉलियुरेथेन ते ऊन सोसते. उष्णतेचा दुसरा प्रश्न टायरचा. खोलीच्या तापमानाला विणलेल्या सामान्य इपॉक्सीचे ‘काचसंक्रमण तापमान’, म्हणजे ज्याच्या वर तो काचेसारखा कडक न राहता रबरासारखा मऊ होतो ते तापमान, बहुधा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असते. मे महिन्यात दिवसभर उन्हात तापलेल्या डांबरावरून आलेले टायर त्या तापमानाच्या जवळ पोहोचते, थराला चिकटते, थंड होताना आकसते आणि थर कच्चा असेल तर तो उचलून नेते. याशिवाय रबरातील मऊपणा देणारी तेले थरात उतरून तपकिरी ठसे पाडतात. यावर उपाय असा की मोटार किमान सात दिवस बाहेर ठेवावी, आणि हा उपाय शेजाऱ्यांच्या दारातील जागेअभावी सर्वांत अवघड ठरला. सातव्या दिवशी रात्री मोटार आत घेण्यात आली. पुढच्या चाकांचे दोन फिकट ठसे आजही दिसतात, मात्र थर उचललेला नाही.

त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. मागच्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढे दोन फोड आले आणि तेवढ्यावरच थांबले. वाळू मिसळल्यामुळे ओल्या चपलांनी घसरण्याचा धोका राहिला नाही, मात्र त्याच वाळूच्या खाचांत चिखल बसतो आणि पोर्च धुण्याचे काम वाढले आहे, ज्याची तक्रार घरातून रोज ऐकू येते. पायरीखालचा हातभर रुंदीचा पट्टा मुद्दाम लेपनाशिवाय सोडला होता. ऑगस्टमध्ये त्यावर पुन्हा प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खालच्या अंगाला एकमेकांत मिसळू पाहणारे थेंब दाटलेले होते.